घरकुलाच्या तापणाऱ्या छताबद्दल ग्रामविकास विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव, ग्रामविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि घरकुलांचे काम पाहणारे सर्व अभियंते

विषय : घरकुलाच्या मंजुरीत आणि तपासणीत उन्हाचा विचार करण्याबाबत

सविनय नमस्कार.

वऱ्हाडात घरं बांधणं हा माझा धंदा आहे. त्यात घरकुलंही आली. प्रधानमंत्री आवास, रमाई, शबरी, मोदी आवास, कागदावर नाव कोणतंही असो, गावात त्याला घरकुलच म्हणतात आणि यादीत नाव कधी लागतं याची वाट सगळे सारख्याच आशेनं बघतात. भर पावसात गळक्या छपराखाली भांडी मांडत रात्र काढलेल्या बाईला पक्कं घर मिळणं म्हणजे काय, हे मी जवळून पाहिलेलं आहे. ही योजना हवीच आहे, आणि ती आणखी लोकांपर्यंत पोचायला हवी. माझं म्हणणं एका गोष्टीपुरतं आहे. ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे घरकुल पास करताना त्याचं छत किती तापणार हे कुणी विचारत नाही. ते विचारलं जावं, आणि त्यावर हप्ता अडावा किंवा सुटावा, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

वैशाखात रात्री दहाच्या सुमारास आपण एखाद्या घरकुलात जाऊन पाहावं अशी माझी विनंती आहे. दिवसा नको, रात्रीच. बाहेर अंगणात तोवर वारा सुटलेला असतो, हवा उतरलेली असते. आत पाऊल टाकलं की डोक्यावरून झळ येते. स्टुलावर चढून स्लॅबच्या खालच्या अंगाला तळवा टेकवला तर फार वेळ ठेववत नाही. त्याच स्लॅबला पंखा टांगलेला असतो आणि तो छताखाली साचलेली गरम हवाच खाली ढकलत असतो. घरातली धडधाकट माणसं बाजा टाकून अंगणात झोपतात. ज्यांना बाहेर झोपता येत नाही ती आत राहतात: बाळंतीण, तिचं लेकरू, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, वयात आलेल्या मुली. उन्हापासून सगळ्यात जास्त जपायला हवं ती ही माणसं, आणि घरातली सगळ्यात तापलेली जागा त्यांच्याच वाट्याला येते. हवामान खातं आता उष्ण रात्रींचेही इशारे देतं. अशा रात्री बाहेरही गारवा नसतो, मग आत काय होत असेल याचा अंदाज करावा.

असं का होतं, हे आपल्या खात्यातल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. तरी मुद्दाम मांडतो, कारण उपायही त्यातच आहे. नागपूरला २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शाळेतली मुलं त्या दिवशी शून्य सावली बघायला मैदानात काठी रोवून उभी राहतात. अकोल्याला हा दिवस दोन-चार दिवस आधी येतो, लातूरकडे मेच्या मध्याच्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे ऊन जेव्हा सगळ्यात कडक असतं नेमकं तेव्हाच ते सरळ छतावर पडतं. दक्षिणेच्या भिंतीला मे महिन्यात ऊन जवळपास लागतच नाही. मार बसतो तो छताला आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला. एकमजली, पंचवीस चौरस मीटरच्या घरात छत हाच उन्हाचा मोठा दरवाजा असतो.

त्या छतावर आपण काय घालतो? साडेचार-पाच इंचाचा उघडा स्लॅब. पहिल्या वर्षी तो राखाडी असतो, दोन पावसाळ्यांत शेवाळ धरून काळा पडतो आणि अंगावर पडलेल्या उन्हातलं निदान दोन तृतीयांश शोषून घेतो. काँक्रीट उष्णता पटकन पुढे सरकवतं. दुपारी एक-दोनचं ऊन संध्याकाळपर्यंत खालच्या अंगाला पोचतं आणि मध्यरात्र उलटेपर्यंत खोलीत उतरत राहतं. घरातली माणसं परतण्याच्या, स्वयंपाकाच्या, झोपण्याच्या वेळेलाच छताचा ताप आत येतो. स्लॅबचा खर्च झेपत नाही ते टिन टाकतात. टिन लवकर निवतं, हा त्याचा एक गुण मान्य करायला हवा, पण दुपारी अकरा ते पाच त्याच्याखाली माणूस बसू शकत नाही. म्हणून लोक टिनावर तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, आणि कडबा पसरतात आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. हा लोकांनी स्वतः शोधलेला उपाय आहे आणि त्यानं खरंच फरक पडतो. पण वैशाखात वाळून कडकडीत झालेल्या तुराट्यांच्या ढिगाखाली चूल पेटवणं किती धोक्याचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

सरकारला हे ठाऊक नाही असंही नाही. केंद्र सरकारने २०१८ साली घरांसाठी ऊर्जेची संहिता आणली, इको निवास संहिता. तिच्यात छतातून उष्णता किती झिरपावी याची मर्यादा घालून दिली आहे. या झिरपण्याच्या मोजमापाला यू मूल्य म्हणतात, आणि छताचं यू मूल्य १.२ च्या वर जाऊ नये असं तिच्यात म्हटलं आहे. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचं हे मूल्य साडेतीनच्या आसपास येतं, म्हणजे मर्यादेच्या जवळपास तिप्पट. पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवरच्या निवासी इमारतींसाठी आहे. तिथे राहणाऱ्यांकडे एसी असतो. ज्या घरात एसी कधी येणारच नाही, त्याच्या छताला मात्र मर्यादा नाही. मला ही गोष्ट फार लागते.

आता जुन्या घरांकडे येतो. वऱ्हाड-खानदेशात धाब्याचं घर आणि मराठवाड्यात माळवद, नाव वेगळं पण बांधणी एकच. भिंती दीड-दोन फुटांच्या, गावच्या पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या. आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या. त्यावर कडुनिंबाचा किंवा पळसाचा पाला दाट अंथरायचा, त्यावर माती चोपून बसवायची आणि सगळ्यात वर खाऱ्या मातीचा हात फिरवायचा. ही खारी माती गावात ठरावीक जागीच मिळते. तिच्यातल्या क्षारामुळे पाणी पडलं की मातीचे बारीक कण सुटे होतात आणि भोकं बुजवतात, म्हणून ती पाणी खाली जाऊ देत नाही. दर वर्षी रोहिणी-मृगाच्या आधी घरातली बाया-माणसं धाब्यावर चढून नवी खारी माती पसरायची, भेगा बुजवायची, पन्हाळी मोकळ्या करायची. छताला एक साणं असायचं. त्यातून धूर आणि गरम हवा वर निघून जायची, उजेड खाली यायचा, आणि पाऊस आला की त्यावर झाकण पडायचं.

या घराला गारवा मिळायचा तो मातीच्या जाडीमुळे. दीड फुटाच्या मातीच्या भिंतीतून दुपारचा ताप आत पोचायला दहा-बारा तास लागतात, आणि पोचतो तोही मवाळ होऊन. तोवर रात्र सरत आलेली असते, दारं-खिडक्या उघड्या असतात, घरातली निम्मी माणसं बाहेर झोपलेली असतात आणि पहाटेची गार हवा घरातून फिरून भिंती निववून जाते. सकाळी आठ-नऊला दारं लोटून घ्यायची, की तो गारवा दुपारपर्यंत पुरायचा. म्हणजे जाड भिंतीइतकीच रात्री हवा खेळणं ही त्या घराची गरज होती. याकडे शहरातून मातीची घरं बांधायला येणारे हौशी लोकसुद्धा दुर्लक्ष करतात आणि मग घर रात्री उबतं म्हणून तक्रार करतात. अंगणात कडुनिंब असायचा तोही उगीच नाही. चैत्रात त्याला नवी पालवी फुटते आणि वैशाखात, बाकीची झाडं उघडी पडलेली असताना, तो दाट सावली धरून उभा असतो.

हे सगळं लिहिताना किल्लारी विसरून चालणार नाही, आणि मी ती विसरलेलो नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. बहुतेक जण आपल्याच घराच्या भिंती आणि माळवदाखाली गाडले गेले. त्यानंतर मराठवाड्यात दगड-मातीच्या घराची दहशत बसली, ती अजून गेलेली नाही. लोक टिनाच्या खोल्यांत राहिले, उन्हानं भाजून निघाले, पण माळवदाखाली झोपायला गेले नाहीत. त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण त्या पडलेल्या घरांतून काय शिकायचं ते नीट शिकायला हवं. भिंतींतले दगड गोटे होते, नुसत्या चिखलात रचलेले. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत बांधणारे आरपार दगड नव्हते. कोपरे सुटे होते. माळवदावर दर वर्षी माती चढत जाऊन छताचं ओझं वाढत गेलेलं होतं. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा पुरा आणि धड होता, तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर उभं राहिल्याची उदाहरणं तज्ज्ञांनी नोंदवून ठेवली आहेत. मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या घरांना भूकंपात कसं जपायचं, याची भारतीय मानकं त्याच १९९३ सालची आहेत, आयएस १३८२७ आणि आयएस १३८२८. जोत्याला, लिंटलला म्हणजे दारा-खिडक्यांच्या माथ्याशी, आणि छताच्या पातळीला पट्टा, कोपऱ्यांना बांध, आरपार दगड, दारं-खिडक्या कोपऱ्यापासून लांब. हे आपल्या कार्यालयांतल्या कपाटात असणारच. गावातल्या गवंड्याच्या हातात ते अजून पोचलेलं नाही.

तेव्हा परत दोन फूट माती डोक्यावर घ्या, असं मी म्हणत नाही. सागवान आता कुणाला परवडतं? दर वर्षी धाब्यावर माती घालायला घरात माणसं तरी कुठे उरली आहेत? चंद्रपूर-भंडाऱ्याकडे कवेलूची, म्हणजे मातीच्या कौलांची, घरं होती. कवेलूंच्या फटींतून गरम हवा आपोआप निघून जायची, आणि पाया-छपराचं गणितही गरिबाच्या आवाक्यातलं होतं. ती घरं माकडांनी संपवली. एका उडीत वीस-पंचवीस कवेलू फुटतात, फेरणी करणारा माणूस मिळत नाही, नवी भट्टी लावणारा कुंभार मिळत नाही. लोकांनी टिन टाकलं ते नाइलाजानं. जुनं घर सोडण्यामागे अशी खरी कारणं असतात आणि त्यांना उत्तर असल्याशिवाय जुन्याचे गोडवे गाणं लोकांना पटत नाही, पटूही नये. आपल्याला हवा आहे तो त्या घरांमागचा हिशेब: ऊन छतावरच अडवायचं, अडलेलं आत पोचायला उशीर लावायचा, आणि आत आलेलं रात्री बाहेर काढून द्यायचं. हा हिशेब आजच्या स्लॅबलाही लावता येतो.

सगळ्यात सोपं काम चुन्याचं. स्लॅब घासून धुवायचा, पाण्यात विरवलेला चुना गाळून घ्यायचा, त्यात थोडं फेविकॉल घालायचं आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोन हात मारायचे. पांढरं छत तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊन परत पाठवतं. खोलीत दोन ते चार-पाच अंशांचा फरक पडतो. पावसात चुना धुपतो, म्हणून दर वर्षी होळीनंतर पुन्हा एक हात द्यावा लागतो. धाब्यावर खारी माती टाकणाऱ्या आजीच्या नातवाला हे काही अवघड नाही. २०१० साली मे महिन्यातल्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणानं २०२३ मध्ये पाच वर्षांचं शीत छत धोरण जाहीर केलं. आदिलाबादेत पडणारं ऊन यवतमाळात काही वेगळं पडत नाही.

दुसरं काम विटकरीच्या कोब्याचं. शहरात गळती थांबवण्यासाठी स्लॅबवर कोबा घालतात, तो गावातल्या गवंड्यांनाही येतो. विटांचे तुकडे उभे लावून त्यात माल भरला आणि वर पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवले, की गळतीही थांबते आणि ताप आत यायला उशीरही लागतो. धाब्याची जागा घेणारं आजच्या काळातलं दुसरं सोपं साधन मला तरी माहीत नाही. फक्त त्याचं वजन स्लॅबच्या सळईच्या हिशेबात आधीच धरावं लागतं. म्हणून हा उपाय मंजूर नकाशातच असायला हवा. नंतर कुणी हौसेनं घातला तर धोका आहे. भट्टीच्या विटा मिळणाऱ्या भागात भरावाचा स्लॅबही चालतो. ताणाच्या बाजूचं काँक्रीट तसंही नुसतं भार वाढवतं, तिथे जुनी कौलं किंवा मडकी बसवायची. सिमेंट वाचतं आणि मधल्या पोकळीमुळे छत कमी तापतं. केरळमध्ये वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी ही पद्धत शेकडो साध्या घरांत वापरून दाखवली.

टिनाच्या घराला खालून बांबूच्या तट्ट्याचं दुसरं छत द्यावं. वीतभर पोकळी ठेवावी आणि ती दोन्ही टोकांना मोकळी असावी, नाहीतर हवा कोंडून उपयोग होत नाही. तट्ट्याला शेण-मातीचा किंवा चुन्याचा लेप दिला की आगीचा धोका कमी होतो, उंदीर-पाखरंही येत नाहीत. गडचिरोली-चंद्रपूरचा बुरूड आज टोपल्यांना गिऱ्हाईक नाही म्हणून बसून आहे. घरकुलांसाठी तट्टे विणायला मिळाले तर त्याच्या घरी चूल पेटेल.

खिडक्यांबद्दल एकच सांगतो, पण ते नेहमी चुकतं. दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो, कारण तिकडचं उन्हाळी ऊन उंचावरून येतं. पश्चिमेच्या खिडकीवर तोच छज्जा निरुपयोगी असतो. चारनंतरचं ऊन तिरपं येतं आणि छज्ज्याखालून थेट पलंगापर्यंत पोचतं. पश्चिमेला खिडकी टाळावी, तिकडे न्हाणी, संडास, कोठी असं काही काढावं, किंवा ओसरी घालावी. ओसरीला पैसे नसतील तर जमिनीत खांब रोवून मांडव घालावा आणि बाजूला कडुनिंब लावावा. घरकुलाचं तोंड रस्ता जिकडे असेल तिकडे ठेवावं लागतं, हे मला मान्य आहे. पण पंचवीस चौरस मीटरमध्येही मोरी कुठे आणि झोपायची खोली कुठे, एवढं ठरवता येतं. आणि छताखाली, भिंतीच्या माथ्याशी, समोरासमोर दोन झरोके हवेत. गरम हवा वर साचते, तिला निघायला वाट हवी. त्यांना गज आणि डासांची जाळी लावली तर चोराची आणि मलेरियाची भीती न बाळगता ते रात्रभर उघडे राहतील. आज घरकुलांत लिंटलच्या वर भोक नसतंच.

कूलर आहे ना, असं मला अधिकारी मंडळी हमखास विचारतात. वऱ्हाडात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही हे खरंच. पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी शिंपडत, त्याचंच हे यंत्र. कोरड्या हवेत ते उत्तम चालतं. पण मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत दिवसाकाठी कूलरला पाणी कुठून आणायचं? भर दुपारी वीज गेली की पुढे काय? आणि मृगाच्या तोंडाशी हवा दमट झाली की कूलर नुसती चिकचिक वाढवतो. छत ज्या घरात कमी तापतं तिथे कूलर कमी वेळ लावावा लागतो, त्याचं पाणीही वाचतं.

आता मुद्दा कागदाचा, कारण सगळं तिथेच अडतं. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणनेत कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर हे गरिबीचं लक्षण धरलं गेलं, आणि घरकुलाची यादी त्यावरून ठरली. गळकं, कोसळायला आलेलं घर शोधायला ही खूण उपयोगाची होती. पण तिचा परिणाम असा झाला की मातीची भिंत म्हणजे दारिद्र्य, ही गोष्ट सरकारी शिक्क्यासह गावाच्या मनात बसली. उद्या एखाद्याला पाच-आठ टक्के सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटांचं, वर-खाली पट्टे असलेलं, पक्कं घर बांधायचं असेल तर तो आधी घाबरतो की साहेब ते कच्चं म्हणून हप्ता रोखतील. मानकांत अशा विटांना जागा आहे. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच ‘पहल’ या नावानं राज्याराज्यांच्या हवामानाप्रमाणे, स्थानिक साहित्याच्या घरांचे नमुने तयार करून घेतले आहेत. ते पुस्तक चांगलं आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी ते कुणी लाभार्थ्यापुढे उघडून ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे कोकणात असो की वाशिममध्ये, तोच चौकोनी ठोकळा उभा राहतो. कोकणात दमट हवेला वारा हवा, उतरतं कौलारू छप्पर हवं, पडवी हवी. तिथे माझी जाड भिंत काही कामाची नाही. त्यांची मागणी त्यांनी करावी, मी माझ्या मुलखापुरतं बोलतो.

काम शिकवणारी माणसंही दूर नाहीत. सेवाग्रामला १९३६ साली गांधीजींसाठी उभी राहिलेली कुटी आजही वैशाखात जाऊन पाहावी. आसपासची माती, बांबू, कवेलू, आणि भोवती खोल पडवी, एवढ्यावर ती भर दुपारी बसण्याजोगी राहते. तिथून जवळच दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने कुंभाराच्या चाकावर शंकूच्या आकाराची कौलं घडवून, ती एकात एक गुंफून कमानीचं छत बसवण्याची पद्धत विकसित केली. लाकूड नाही, लोखंड नावापुरतं, वर माकड नाचलं तरी फिकीर नाही, आणि कुंभाराला काम. इतक्या जवळ असलेलं ज्ञान घरकुलाच्या नकाशात का येत नाही, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

माझ्या मागण्या पैशाच्या दृष्टीनं मोठ्या नाहीत. सपाट प्रदेशात प्रधानमंत्री आवासचं, केंद्र आणि राज्य मिळून, मूळ अनुदान १ लाख २० हजार आहे. त्यात घर पुरं होत नाही, लाभार्थी कर्ज काढतो, हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा त्याच्यावर नवं ओझं टाकायचं नाही. पण पाया, जोतं, लिंटल, छत अशा टप्प्यांवर आपला अभियंता फोटो काढतोच. शेवटच्या हप्त्याच्या फोटोत पांढरं केलेलं छत दिसलं पाहिजे, लिंटलच्या फोटोत झरोके दिसले पाहिजेत, एवढं बंधन घालायला खर्च येत नाही. चुना, झरोक्याच्या जाळ्या आणि टिनाखालच्या तट्ट्यासाठी वेगळी छोटी रक्कम विदर्भ-मराठवाडा-खानदेशासाठी द्यावी. घरकुलाला रोजगार हमीतून ९० दिवसांच्या मजुरीची जोड आहे, तिच्यात छत रंगवणं आणि पश्चिमेला दोन झाडं लावून ती वर्षभर जगवणं बसवता येतं का ते पाहावं. गवंड्यांची प्रशिक्षणं होतात. त्यात दोन दिवस कोब्याला, पट्ट्यांना आणि दाबलेल्या विटांना द्यावेत, आणि शिकवायला पुस्तकी माणसाऐवजी हे काम केलेला गवंडी बोलवावा. मातीच्या विटांचं घर मानकाप्रमाणे असेल तर ते पक्कंच धरावं, असं एक स्पष्ट पत्र जिल्हा परिषदांना जावं. ते पत्र हातात असेल तर तरुण अभियंते मान्यता द्यायला तयार आहेत. त्यांच्याशी बोललो म्हणून सांगतो, त्यांना ऑडिटची भीती वाटते.

घरकुलांचे स्लॅब बहुतेक दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या तोंडाशी पडतात. या वर्षीच्या मंजुरीपत्रांसोबत एक पान जोडलं, त्यावर छत, झरोके आणि पश्चिमेची भिंत यांचं साधं चित्र काढलं, तर येत्या वैशाखात त्याचा उपयोग होईल. पुढल्या वर्षीवर ढकललं तर तेवढे स्लॅब उघडेच पडतील आणि निदान तीस-चाळीस वर्षं तसेच राहतील. ते पान तयार करायला मी आणि माझ्या ओळखीचे गवंडी विनामोबदला बसायला तयार आहोत. पंचायत समितीत बोलावलंत तरी येऊ, मंत्रालयात बोलावलंत तरी येऊ.

आपला विश्वासू,
वऱ्हाडातला एक घर बांधणारा